ऑटिझमसाठी स्टेम सेल: उपचार, प्रयोग की फक्त व्यवहार?

पुण्यात मंडईच्या आसपासच्या पेठांमधून आमच्या ओपीडीत येणारे पालक मुलाच्या ऑटिझमचे (स्वमग्नतेचे) निदान ऐकून घरी जातात आणि थोड्याच दिवसांत एक प्रश्न घेऊन परत येतात: "डॉक्टर, स्टेम सेल करून बघायचं का?" कुणाला नातेवाइकांनी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवलेला असतो. कुणी फोनवर 'पॅकेज'ची चौकशी करून आलेले असतात. काही जणांनी तर मुदत ठेव मोडायची की दागिने गहाण ठेवायचे, इथपर्यंत विचार केलेला असतो.

हा प्रश्न आता फक्त डॉक्टर आणि पालक यांच्यातला राहिलेला नाही. ३० जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला आहे. तो निकाल काय सांगतो, त्यामागे विज्ञान काय आहे, सरकारी नियम असूनही हा बाजार इतकी वर्षे कसा चालला आणि तुमच्या मुलासाठी सरकारी मदत नेमकी कशाला मिळते, हे या लेखात समजून घेऊ.

न्यायालयाने काय सांगितले?

मुंबईत बौद्धिक व विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी काम करणाऱ्या यश चॅरिटेबल ट्रस्टने आणि इतरांनी केंद्र सरकारविरुद्ध ही याचिका केली होती. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने त्यावर निर्णय दिला. त्याचा गाभा असा: ऑटिझमसाठी स्टेम सेल हा नेहमीचा उपचार म्हणून रुग्णाला देता येणार नाही. तो फक्त मान्यताप्राप्त आणि देखरेखीखालच्या वैद्यकीय चाचणीतच देता येईल.

निकालातले दोन मुद्दे पालकांनी लक्षात ठेवावेत. पहिला, ज्या उपचाराच्या उपयोगाला आणि सुरक्षिततेला पुरेसा शास्त्रीय आधार नाही आणि अधिकृत वैद्यकीय संस्थांनीच जो करू नका म्हणून सांगितले आहे, तो देणे हे डॉक्टरच्या जबाबदारीला धरून होत नाही. दुसरा मुद्दा संमतीचा. "पालकांनी सही केली आहे" एवढ्याने डॉक्टर सुटत नाही. उपचाराचे फायदे-तोटे सांगण्याइतकी माहितीच विज्ञानाकडे नसेल, तर ती संमती माहितीपूर्ण कशी म्हणायची?

हे उपचार म्हणजे नेमके काय करतात?

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी. शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी ज्यांच्यापासून तयार होतात, त्या या पेशी. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया यांसारख्या रक्ताच्या आजारांत बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात. तो मूलपेशींचाच उपचार आहे, सिद्ध झालेला आहे आणि त्यामुळे अनेक मुलांचे प्राण वाचतात. गोंधळ इथूनच सुरू होतो. एका आजारात ज्याचा उपयोग सिद्ध झाला, त्याचे नाव दुसऱ्या आजाराच्या जाहिरातीत वापरले जाते.

ऑटिझमसाठी आपल्याकडे बहुतेक वेळा असे करतात: मुलाला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून मगज (बोन मॅरो) काढतात, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वेगळ्या करतात आणि पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडतात. काही ठिकाणी नाळेतल्या रक्तातील पेशी शिरेतून देतात. या पेशी मेंदूतली 'सूज' कमी करतील, नवे जोड तयार करतील, असा दावा असतो. ऑटिझम मात्र एखादा भाग बिघडल्याने होणारा आजार नाही. ती मेंदूच्या विकासाची वेगळी वाट आहे, जी बहुतांशी जन्माआधीच सुरू होते आणि जिच्यात अनेक जनुकांचा वाटा असतो. बाहेरून सोडलेली पेशी तिथे जाऊन नेमके काय करते, हे कुणीही दाखवून दिलेले नाही.

पुरावा काय सांगतो?

उपचाराचा उपयोग होतो की नाही, हे ठरवायची एक सरळ पद्धत आहे. मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे. एका गटाला खरा उपचार द्यायचा, दुसऱ्याला तसाच दिसणारा पण औषध नसलेला. कुणाला काय मिळाले हे पालकांना आणि तपासणाऱ्यांना कळू द्यायचे नाही. मग तुलना करायची.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने अशी चाचणी केली आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २ ते ७ वर्षे वयाची १८० मुले तिच्यात होती. नाळेतल्या रक्ताच्या पेशी दिलेल्या मुलांच्या सामाजिक वागण्यात, औषध नसलेल्या गटापेक्षा ठरवलेल्या मुख्य मोजमापावर सरस फरक दिसला नाही. बौद्धिक अपंगत्व नसलेल्या मुलांच्या उपगटात काही दुय्यम मोजमापांवर थोडे बदल दिसले. पण असे संकेत पुढच्या चाचणीत तपासायचे असतात, त्यावर उपचार विकायचा नसतो. त्याआधी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या २९ मुलांच्या लहान चाचणीतही ठोस फरक आढळला नव्हता. आपल्याकडे पाठीतून सुईने पेशी देण्याचा जो प्रकार चालतो, त्याला तर इतक्या काटेकोर चाचणीचाही आधार नाही.

जोखीम मात्र आहे: भुलेची, जंतुसंसर्गाची, डोकेदुखी-उलट्यांची, आकडी येण्याची. दूरचे परिणाम काय होतील, याचा तर हिशेबच ठेवलेला नाही. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला ऑटिझम नव्हता, वेगळा दुर्मीळ आजार होता. त्यासाठी परदेशात गर्भातील मेंदूच्या पेशी दिल्यावर काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी आढळल्या आणि त्या दात्याच्या पेशींपासून झालेल्या निघाल्या. आपल्याकडच्या पेशी वेगळ्या असतात, त्यामुळे तसेच होईल असे नाही. पण "स्वतःच्याच पेशी आहेत, काही होत नाही" हे वाक्य किती सैल आहे, ते यावरून कळते.

"पण त्यांच्या मुलाला फरक पडला..."

हे पालक खोटे बोलत नाहीत. फरक पडलेला असू शकतो. प्रश्न असा आहे की तो कशाने पडला?

ऑटिझम असलेले मूलही वाढत असते. तीन वर्षांचा मुलगा चार वर्षांचा होतो, नवे शब्द शिकतो. त्यातच 'पॅकेज'मध्ये स्टेम सेलबरोबर स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि घरी करायचे व्यायामही दिलेले असतात. दागिने मोडून उपचार केल्यावर आपण मुलाकडे अधिक बारकाईने, अधिक आशेने पाहतो. मूल एकदा डोळ्यांत बघून हसले तरी ते लक्षात राहते.

सिक्रेटिन या हार्मोनची गोष्ट यासाठी माहीत असावी. १९९८ च्या सुमारास अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनने ऑटिझम बरा होतो, अशी हवा झाली. १९९९ मध्ये ६० मुलांवर नीट चाचणी झाली, तेव्हा सिक्रेटिन दिलेल्या आणि नुसते सलाइनचे पाणी दिलेल्या, दोन्ही गटांतल्या मुलांमध्ये सारखीच सुधारणा दिसली. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. निष्कर्ष सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांनी, आपल्याला हा उपचार अजून हवासा वाटतो, असे सांगितले. आशा अशी सहज सुटत नाही. ती सुटत नाही, हे उपचार विकणाऱ्यालाही माहीत असते.

नियम होते, मग हे चालले कसे?

भारतात नियम नव्हते असे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २००७ मध्ये स्टेम सेलबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांच्या नावात 'संशोधन आणि उपचार' असे दोन्ही शब्द होते. २०१३ मध्ये सुधारित आवृत्ती काढताना 'उपचार' हा शब्द मुद्दाम वगळला. रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे हा उपचार नाही, तो अजून संशोधनच आहे, हे त्यातून सांगायचे होते. २०१७ च्या आवृत्तीने तेच पुन्हा बजावले. पण ही मार्गदर्शक तत्त्वे होती, कायदा नव्हता. मोडली तर कोण काय करणार, हे मोघम राहिले.

२०१९ मध्ये नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम आले. प्रयोगशाळेत बरीच प्रक्रिया करून तयार केलेली स्टेम सेलची उत्पादने त्यांत 'नवीन औषध' ठरली, म्हणजे केंद्रीय परवानगीशिवाय ती देता येत नाहीत. यातूनही पळवाट निघाली. "आम्ही मुलाच्याच पेशी घेतो, फारशी प्रक्रिया करत नाही आणि परत देतो. हे औषध नाही, ही शस्त्रक्रियेसारखी प्रक्रिया आहे," असा युक्तिवाद पुढे आला.

डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळाने आपल्या समितीच्या अभ्यासावरून सांगितले की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही आणि त्याची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. तरीही व्हिडिओ येत राहिले.

पहिल्या मार्गदर्शक तत्त्वांपासून न्यायालयाच्या निकालापर्यंत १९ वर्षे गेली. विज्ञान काय म्हणते याबद्दल अधिकृत संस्थांमध्ये या काळात मोठा वाद नव्हता. उणीव होती ती अंमलबजावणीची. पेशी 'औषध' ठरल्या तर एक खाते, 'प्रक्रिया' ठरली तर दुसरे, डॉक्टरची नोंदणी तिसरीकडे आणि जाहिरात चौथीकडे. या चार दारांमधल्या बोळात बाजार चालला. निकालाने तो बोळ बुजवायचा प्रयत्न केला आहे, पण प्रत्येक दवाखान्यावर न्यायालय लक्ष ठेवू शकत नाही. म्हणून तुम्हाला एक साधी कसोटी माहीत असायला हवी.

एकच प्रश्न: हा उपचार आहे की प्रयोग?

महात्मा फुले मंडईत पाव किलो मिरची घेतानाही आपण काट्याकडे बघतो. त्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो आणि तो ठरावीक काळाने पुन्हा मारून घ्यावा लागतो. विकणारा ओळखीचा असला तरी शिक्का लागतोच. काही लाखांच्या उपचाराला आपण तेवढेही विचारत नाही.

इथे दोनच शिक्के चालतात. उपचार सिद्ध असेल, तर अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे त्याची शिफारस करतात. सिद्ध नसेल, तर तो प्रयोग आहे आणि प्रयोगाला पुढील गोष्टी लागतात:

• भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत (सीटीआरआय) आधी केलेली नोंद. तिचा क्रमांक मागा. ही नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली आहे.
• नोंदणीकृत नीती समितीची मंजुरी आणि गरजेनुसार केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी.
• तुमच्या भाषेत, म्हणजे मराठीत, लिहिलेले माहितीपत्रक. त्यात जोखीम आणि केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला असावा.
• चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद.
• सर्वांत महत्त्वाचे: तपासल्या जाणाऱ्या उपचाराचे पैसे तुमच्याकडून घेतले जात नाहीत.

या शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक गोष्टी उघड होतात. पैसे मागितले तर ती खरी चाचणी नाही. सिद्ध झालेले नाही, म्हणून तो उपचारही नाही. मग उरतो तो फक्त व्यवहार.

आणखी एक पडताळणी घरबसल्या करता येते. तुमची आरोग्य विम्याची पॉलिसी काढून वाचा. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळणुकींत 'सिद्ध न झालेले उपचार' ही एक आहे. स्टेम सेलचा खर्च मान्य आहे तो रक्ताच्या आजारांसाठीच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा. "विम्याचे आम्ही बघतो" असे कुणी म्हणाले, तर बिलावर कोणत्या आजाराचे नाव लिहिणार, असे विचारा.

सरकारही घाई करते तेव्हा

हे प्रश्न फक्त भारतात नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने पत्रकार परिषद घेऊन ल्युकोव्होरिन (फोलिनिक ॲसिड) या औषधाचे नाव ऑटिझमशी जोडले. त्यामागे मोजक्याच लहान चाचण्यांचा आधार होता. पुण्यातले पालकही लगेच त्या गोळीबद्दल विचारू लागले. मेंदूतील फोलेटची कमतरता हा दुर्मीळ आजार असलेल्या मुलांमध्ये या औषधाला जागा आहे. ऑटिझम असलेल्या प्रत्येक मुलाला ते द्यावे, इतका पुरावा नाही. व्यासपीठावर कोण उभे आहे यावरून पुरावा मोठा होत नाही, मग ते सरकार का असेना.

नियंत्रण ढिले पडले की काय होते, तेही अमेरिकेत दिसले आहे. शरीरातले जड धातू काढण्याच्या 'चिलेशन' उपचारादरम्यान २००५ मध्ये ऑटिझम असलेला ५ वर्षांचा मुलगा दगावला. त्या मुलाला धातूंची विषबाधा म्हणून जीव वाचवण्यासाठी ते औषध दिलेले नव्हते. ऑटिझम बरा करण्यासाठी दिले होते.

मग पैसा कुठे लावायचा?

ऑटिझम 'बरा करणारा' उपचार आज उपलब्ध नाही. पण मुलाचे बोलणे, वागणे, शिकणे आणि स्वावलंबन यांत फरक पाडणारी मदत आहे: स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, चित्रांच्या किंवा उपकरणाच्या साहाय्याने संवाद, विशेष शिक्षण आणि सोबतच्या आकडी, झोप, पोटाच्या तक्रारींवर उपचार.

त्यातही पालकांनी स्वतः शिकून घरी द्यायच्या मदतीला चांगला पुरावा आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी इथे ६५ मुलांवर झालेली 'पास' ही चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तज्ज्ञ डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते पालकांना शिकवत होते. मुलाच्या इशाऱ्याला जुळवून प्रतिसाद देण्याचे पालकांचे कौशल्य त्यातून वाढले आणि मूलही स्वतःहून अधिक संवाद साधू लागले. इथे ना भूल लागली, ना सुई. अशा कामाची जाहिरात होत नाही, कारण त्यात विकण्यासारखे फार काही नसते.

सरकारी निधी असलेल्या पुढील सोयी तुमच्या हक्काच्या आहेत:

• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (२०१३ पासून): १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मदत. पुणे जिल्ह्यासाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.
• दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित झाले, तर ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो.
• निरामय विमा योजना: १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो.
• दिव्यांग कल्याण आयुक्तालय: राज्याचे हे कार्यालय पुण्यातच, कॅम्पमध्ये आहे. योजना अडली, दाद लागली नाही, तर तिथे लेखी अर्ज द्या.

आता सरकारवरची रास्त टीका. या सोयी कागदावर चांगल्या आहेत, पण थेरपिस्ट कमी आणि प्रतीक्षा लांब. आठवड्यातून एक सत्र मिळायला महिनोन्महिने थांबलेल्या आईला कुणी "चार दिवसांत करून देतो" म्हणाले, तर ती तिकडे वळणारच. तिला दोष देऊन उपयोग नाही. खोट्या उपचारावर बंदी घालणे हे निम्मे काम झाले. सिद्ध झालेली मदत पेठेतल्या घरापर्यंत वेळेत पोहोचवणे हे उरलेले निम्मे काम आहे आणि त्यासाठी पैसा, माणसे लागतात.

तुम्ही आत्ता काय करावे?

१. निदान नवीन असेल, तर कोणताही मोठा खर्च ठरवण्याआधी विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना भेटा. थेरपी सुरू करायला प्रमाणपत्राची वाट पाहू नका.

२. कुणी स्टेम सेल सुचवले, तर वरच्या यादीतले प्रश्न लेखी विचारा. उत्तरही लेखी मागा. लेखी उत्तर मिळत नसेल, तर तेच उत्तर समजा.

३. मुलाचा उपचार मध्यावर असेल, तर घाबरू नका आणि स्वतःला दोष देऊ नका. पुढचे इंजेक्शन थांबवा आणि सर्व कागद, स्कॅन, पावत्या घेऊन बालरोगतज्ज्ञांना भेटा. ताप, आकडी, तीव्र डोकेदुखी, पाठदुखी किंवा पायात अशक्तपणा दिसला, तर लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी मात्र बंद करू नका.

४. फसवणूक झाली असे वाटत असेल, तर डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आणि पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ग्राहक तक्रार साधारणपणे २ वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून पावती, जाहिरात आणि संदेश जपून ठेवा.

५. कुटुंबात कुणी "तुम्ही पुरेसे प्रयत्न करत नाही" असे म्हणत असेल, तर त्यांना हा लेख वाचायला द्या. सिद्ध न झालेल्या उपचाराला नकार देणे म्हणजे प्रयत्न सोडणे नव्हे. त्यातून वाचलेले काही लाख रुपये म्हणजे तुमच्या मुलाची कित्येक वर्षांची थेरपी, शाळेतली मदतनीस आणि कदाचित तुमची थोडी झोपही असते.